वाचकांचे प्रश्न : अनोळखी डेस्कटॉपवर वावरताना

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित सुरक्षा-अद्यतने थांबवली. विंडोज ११ साठी लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी अलीकडचा प्रोसेसर ज्या संगणकांत नाही, अशा धडधाकट पण जुन्या यंत्रांवर तेव्हापासून विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट किंवा उबुंटू या मोफत प्रणाली बसवून घेण्याकडे अनेक घरांचा कल झाला आहे. बसवण्याचे काम मुलगा, भाची किंवा ओळखीचा तंत्रज्ञ एका दुपारी उरकतो. खरी अडचण तो निघून गेल्यावर सुरू होते. या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे याच अडचणींची असल्यामुळे संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत. उत्तरे मुख्यतः लिनक्स मिंटच्या ‘सिनॅमन’ या डेस्कटॉपला, म्हणजे पडद्यावरच्या मांडणीला, धरून दिली आहेत. दुसऱ्या डेस्कटॉपचा विषय आला तेथे तसे नमूद केले आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. नोकरीत असताना एमएस-सीआयटी केले होते आणि आजवर त्या बळावर माझे काम चालले. पुतण्याने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसवून दिले. आता स्टार्ट बटण नाही, वर्ड नाही, चिन्हे वेगळीच. मला सगळे पहिल्यापासून शिकावे लागणार का? सुरुवात कोठून करू? (सातारा)

उत्तर : पहिल्यापासून शिकावे लागणार नाही. अभ्यासक्रमात आपण चिन्हांच्या जागा पाठ केल्या असतील, पण त्यासोबत कामेही शिकलात : प्रोग्रॅम उघडणे, खिडकी लहान-मोठी करणे, फाइल ठरावीक फोल्डरमध्ये ठेवणे, चुकून पुसलेले परत आणणे. ही कामे येथे तशीच आहेत, फक्त त्यांची ठिकाणे आणि नावे बदलली आहेत. त्यामुळे नव्या डेस्कटॉपसमोर बसल्यावर आधी चार गोष्टी शोधून काढाव्यात : प्रोग्रॅम कोठून सुरू होतात, उघडलेल्या खिडक्या कोठे दिसतात, माझ्या फाइली कोठे राहतात आणि संगणक बंद कोठून होतो. बाकी सारे सवडीने पाहता येते.

सिनॅमनमध्ये यांपैकी तीन गोष्टी पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीत सापडतात. विंडोज ९५ हे २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आले तेव्हापासून रूढ झालेली मांडणीच येथे पाळलेली आहे, फक्त ‘टास्कबार’ऐवजी ‘पॅनेल’ म्हणतात. पॅनेलच्या डाव्या टोकाला असलेले मिंटचे चिन्ह म्हणजे आपले स्टार्ट बटण. त्यावर क्लिक केले, किंवा कीबोर्डवरील विंडोजचे चिन्ह असलेली कळ एकदा दाबून सोडली, की मेन्यू उघडतो. या कळीला लिनक्सच्या जगात ‘सुपर’ म्हणतात. पुतण्या फोनवर ‘सुपर दाबा’ म्हणाला तर गोंधळू नये. मेन्यू उघडताच कोठेही क्लिक न करता सरळ टाइप करायला लागावे. हवे ते नाव इंग्रजीत तीन-चार अक्षरे लिहिले की यादी गाळली जाते आणि एंटर दाबल्यावर प्रोग्रॅम सुरू होतो. वर्डच्या जागी लिबरऑफिस रायटर आणि एक्सेलच्या जागी लिबरऑफिस कॅल्क आहे. माझ्या मते नवशिक्याने मेन्यूतील विभाग पाठ करण्यात वेळ घालवू नये. शोधून उघडण्याची सवय लावली तर उद्या तिसराच डेस्कटॉप समोर आला तरी ती कामी येते.

पॅनेलच्या उजव्या टोकाला घड्याळ, आवाज, इंटरनेट, बॅटरी आणि ढालीच्या आकाराचे अद्यतनांचे चिन्ह असते. प्रत्येक चिन्हावर माउसचा बाण नुसता नेऊन थांबवला तर ते कशाचे आहे हे लहान अक्षरांत दिसते. राइट क्लिक केल्यास त्या जागी काय काय करता येते याची यादी उघडते, आणि एस्केप कळ दाबली की ती यादी काहीही न करता मिटते. पहिला अर्धा तास फक्त एवढेच करावे. आपल्या फाइलींसाठी डेस्कटॉपवर ‘होम’ नावाचे चिन्ह आहे आणि ‘माय कॉम्प्युटर’चे काम ‘कॉम्प्युटर’ नावाचे चिन्ह करते. संगणक बंद करण्याचे बटण मेन्यूतच आहे.

एक आग्रहाची सूचना. इंटरनेटवर मिंटला विंडोजचा चेहरा देणाऱ्या थीम भरपूर मिळतात. निदान पहिला महिना त्यांच्या वाटेला जाऊ नये आणि पॅनेलवरील चिन्हेही हलवू नयेत. पडदा मुळात होता तसा असेल तर पुतण्याला फोनवरून ‘डावीकडे खाली’ एवढे म्हणून आपल्याला वाट दाखवता येते. तो बदललेला असेल तर दोघांचाही वेळ फुकट जातो.

प्रश्न : दुकानाच्या हिशेबाच्या सर्व फाइली मी डी ड्राइव्हमध्ये ठेवत असे. आता सी नाही आणि डी पण नाही. मुलगा म्हणतो, फाइली आहेत; मला मात्र दिसत नाहीत. (नाशिक)

उत्तर : सी, डी ही अक्षरे विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळातून आलेली आहेत. तेव्हा ए आणि बी ही फ्लॉपीची अक्षरे होती, म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आले, आणि फ्लॉपी नाहीशी झाल्यावरही ते तसेच राहिले. लिनक्सने मांडणी घेतली ती १९६९ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकी प्रयोगशाळेत सुरू झालेल्या युनिक्स या प्रणालीची. तेथे प्रत्येक डिस्कला वेगळे अक्षर नसते. सगळे काही एकाच मुळापासून फुटलेल्या फांद्यांसारखे असते आणि ते मूळ एका तिरप्या रेघेने दाखवतात. त्या मुळाखालच्या बहुतेक फोल्डरांत प्रणालीचे सामान असते, तिकडे आपले काम नसते. आपले घर म्हणजे ‘होम’ या फोल्डरातील आपल्या नावाचा फोल्डर. त्यात डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, म्युझिक, व्हिडिओज असे फोल्डर आधीच तयार असतात. आपण साठवलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या घरातच असते. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइलही खरे तर घरातल्या ‘डेस्कटॉप’ फोल्डरात असते. म्हणून तिचे चिन्ह डेस्कटॉपवरून पुसले तर फाइलच पुसली जाते, हे ध्यानात ठेवावे.

आता जुन्या डी विषयी. लिनक्स बसवताना डिस्कचा तो भाग तसाच ठेवला असेल तर फाइली दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे फाइल मॅनेजर, उघडून डावीकडच्या पट्टीत ‘डिव्हायसेस’ या मथळ्याखाली पाहावे. तेथे त्या भागाला आपण पूर्वी दिलेले नाव दिसेल. नाव दिलेले नसेल तर अमुक इतक्या ‘जीबी व्हॉल्यूम’ असा नुसता आकार दिसेल. बहुतेक लोक फसतात ते येथेच, कारण ‘डी’ शोधणाऱ्या नजरेला आकड्याचे नाव दिसत नाही. त्यावर क्लिक केले की तो भाग जोडला जातो. काही वेळा त्यासाठी पासवर्ड विचारला जातो. फाइली दिसतात पण बदल साठवता येत नाहीत, असे झाले आणि त्याच संगणकावर विंडोजही शिल्लक असेल, तर बहुधा कारण विंडोजच्या ‘फास्ट स्टार्टअप’ सोयीत असते. ती सोय चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, डिस्क अर्धवट अवस्थेत सोडते आणि लिनक्स सावधगिरी म्हणून तो भाग फक्त वाचण्यापुरता उघडते. विंडोजमध्ये जाऊन ती सोय बंद करावी आणि संगणक पूर्णपणे बंद करावा.

तो भाग यादीत मुळीच नसेल तर मुलाला एकच प्रश्न विचारावा : बसवताना ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय निवडला होता का? तसे असेल आणि फाइलींची दुसरी प्रत नसेल, तर त्या संगणकावर नवीन काहीही साठवू नये आणि तो तसाच जाणकाराकडे न्यावा. पुसलेल्या जागेवर जितके नवे लिहिले जाते तितकी जुने मिळण्याची शक्यता घटते.

हिशेबाच्या फाइली शोधताना एक फरक आपल्याला छळेल. लिनक्समध्ये इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरे वेगळी मानली जातात. नावाचे पहिले अक्षर मोठे असलेली ‘बिल’ फाइल आणि सर्व अक्षरे लहान असलेली ‘बिल’ फाइल एकाच फोल्डरात शेजारी शेजारी राहू शकतात. महिन्यांची नावे देताना एकच पद्धत धरून ठेवावी. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबले की उघड्या फोल्डरात आणि त्याच्या आतल्या फोल्डरांत नावाने शोध घेता येतो.

प्रश्न : मी पत्र लिहीत होते आणि कोणती तरी कळ दाबली गेली. पत्रासकट सर्व खिडक्या नाहीशा झाल्या आणि रिकामा डेस्कटॉप समोर आला. घाबरून मी संगणक बंद केला आणि पत्र गेले. नेमके काय झाले असेल? (कोल्हापूर)

उत्तर : पत्र बहुधा गेले ते संगणक बंद केल्यामुळे, त्या क्षणापर्यंत ते जागेवरच असणार. सिनॅमनमध्ये एकाहून अधिक ‘वर्कस्पेस’ असतात, म्हणजे एकाच पडद्यामागे खिडक्या मांडण्यासाठी अनेक रिकाम्या जागा. कंट्रोल आणि ऑल्ट धरून डावा किंवा उजवा बाण दाबला की आपण शेजारच्या जागेत जातो, आणि ती रिकामी असेल तर आपले सर्व काम गायब झाल्यासारखे वाटते. पॅनेलवरही सामान्यतः चालू जागेतल्याच खिडक्या दिसतात, ऑल्ट-टॅबनेही त्याच दिसतात, म्हणून संशय अधिक पक्का होतो. अशा वेळी कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबावा. सर्व जागा लहान आकारात एकत्र दिसतात. ज्या जागेत आपले पत्र आहे तिच्यावर क्लिक करावे. कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण दाबल्यास चालू जागेतल्या सर्व खिडक्या पसरून दिसतात. एकीखाली दुसरी दडली असेल तर ती लगेच सापडते.

दुसरी शक्यता अशी की सुपर आणि डी या कळा एकत्र दाबल्या गेल्या. त्यामुळे सर्व खिडक्या खाली जातात आणि डेस्कटॉप मोकळा दिसतो. त्याच कळा पुन्हा दाबल्या की खिडक्या परत येतात.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत तीन पत्रे उघडली तर खाली तीन नावे दिसत. येथे एका प्रोग्रॅमच्या सर्व खिडक्या पॅनेलवर एकाच चिन्हात गोळा होतात आणि त्यावर बाण नेला की त्यांची लहान चित्रे उमटतात. ज्यांना हे रुचत नाही त्यांनी त्या चिन्हांवर राइट क्लिक करून या पट्टीच्या सेटिंगमध्ये खिडक्या एकत्र करण्याचा पर्याय बंद करावा आणि चिन्हाबरोबर नाव दाखवण्याचा पर्याय निवडावा. पडदा बदलू नये असे वर म्हटले असले तरी हा बदल मी ज्येष्ठांना जरूर सुचवीन. नाव वाचून खिडकी ओळखणे चित्रावरून ओळखण्यापेक्षा पुष्कळ सोपे जाते.

प्रश्न : संगणक वारंवार पासवर्ड मागतो. कधी काही बसवताना, तर कधी नुसते ब्राउझर उघडल्यावर. हा व्हायरस तर नसेल? (डोंबिवली)

उत्तर : दोन्ही प्रसंग वेगळे आहेत. सॉफ्टवेअर बसवणे किंवा काढणे, नवा वापरकर्ता तयार करणे यांसारखे संपूर्ण संगणकावर परिणाम करणारे काम असेल तर प्रणाली पासवर्ड मागते, आणि तसे मागणेच योग्य आहे. पत्र लिहिताना, फोटो पाहताना किंवा फाइल हलवताना तो मागितला जात नाही. नियम असा ठेवावा की आपण आत्ताच असे एखादे काम सुरू केले असेल तर पासवर्ड द्यावा. आपण काहीच केले नसताना चौकट उगवली तर ‘कॅन्सल’ दाबावे आणि काय घडते ते पाहावे. वेबपानाच्या आत उमटलेल्या चौकटीत संगणकाचा पासवर्ड कधीही लिहू नये.

ब्राउझर उघडल्यावर येणारी चौकट बहुधा ‘लॉगिन कीरिंग’ची असते. संगणक सुरू करताना पासवर्ड न विचारता थेट डेस्कटॉप यावा, अशी सोय आपल्याला कोणीतरी करून दिलेली असावी. ब्राउझर आपले साठवलेले पासवर्ड ज्या कुलूपबंद पेटीत ठेवतो ती पेटी एरवी आपण प्रवेश करताना दिलेल्या पासवर्डनेच उघडली जाते. तो दिलाच नाही तर ती नंतर मागणी करते. उपाय सोपा आहे : सिस्टिम सेटिंग्जमधील ‘लॉगिन विंडो’ येथे जाऊन आपोआप प्रवेशाची सोय बंद करावी. पेटीचा पासवर्ड रिकामा ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, पण त्यामुळे आतील पासवर्ड कुलपाविना राहतात. घरात येणारे-जाणारे असतील तर तो सल्ला मानू नये.

प्रश्न : येथील सार्वजनिक वाचनालयात संगणकांवर उबुंटू आहे. माझ्या घरच्या मिंटपेक्षा ते अगदी निराळे दिसते. खाली पट्टीच नाही. तेथे बसल्यावर काय करावे? (इंदूर)

उत्तर : वर सांगितलेल्या चार गोष्टींचीच शोधाशोध करावी. उबुंटूत ‘ग्नोम’ नावाचा डेस्कटॉप थोडाफार बदलून दिलेला असतो. डाव्या कडेने उभी पट्टी असते आणि तिच्यात नेहमीचे प्रोग्रॅम व उघडलेल्या खिडक्या एकत्रच दिसतात. ज्या चिन्हाशेजारी ठिपका आहे तो प्रोग्रॅम चालू आहे असे समजावे. त्या पट्टीतील ‘शो ॲप्स’ या बटणावर सर्व प्रोग्रॅमांची जाळी उघडते. सुपर कळ दाबून टाइप करण्याची युक्ती येथेही जशीच्या तशी चालते. संगणक बंद करणे, आवाज आणि वाय-फाय हे सर्व वरच्या पट्टीच्या उजव्या कोपऱ्यात एकाच ठिकाणी आहे.

हा फरक पडण्यामागे एक इतिहास आहे. एप्रिल २०११ मध्ये आलेल्या ग्नोम ३ ने खालची पट्टी आणि कोपऱ्यातला मेन्यू ही जुनी मांडणी सोडून दिली. मूळ ग्नोममध्ये तर खिडकीला फक्त बंद करण्याचे बटण असते, लहान-मोठी करण्याची बटणे नसतात. उबुंटूवाल्यांनी ती परत बसवली. ज्यांना हा बदल पटला नाही त्यांच्यापैकी मिंटच्या मंडळींनी त्याच ग्नोमच्या पायावर पण जुन्या मांडणीचा डेस्कटॉप तयार केला, तोच आपल्या घरचा सिनॅमन. विंडोजची सवय असलेल्यांनी घरी सिनॅमनच ठेवावा असे मी म्हणेन, पण ग्नोम लहान पडद्यावर आणि कीबोर्डवर हात बसलेल्यांना अधिक सोयीचा वाटतो, हेही खरे आहे.

वाचनालयातून उठताना ब्राउझरमधील सर्व खात्यांतून बाहेर पडावे, डाउनलोड्स फोल्डरातील आपल्या फाइली पुसाव्यात आणि ‘ट्रॅश’, म्हणजे पुसलेल्या फाइलींची कचरापेटी, रिकामा करावा. नुसती खिडकी बंद केल्याने खाते बंद होत नाही.

प्रश्न : पेन ड्राइव्हवर अर्ज कॉपी करून झेरॉक्सच्या दुकानात नेला, तर तेथे फाइल उघडेना. घरी तर ती उघडत होती. दुसरे म्हणजे पेन ड्राइव्हमधून बरेच पुसले तरी जागा भरलेलीच दिसते. (रत्नागिरी)

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारी मिंटच्या नेहमीच्या रीतीतून उद्भवतात. कॉपी करताना पडद्यावरची प्रगतीची पट्टी संपली म्हणजे सर्व मजकूर पेन ड्राइव्हवर उतरला असे नसते. वेग वाढवण्यासाठी लिनक्स लिहिण्याचा काही भाग स्मृतीत राखून ठेवते आणि सवडीने खाली उतरवते. आपण मधेच पेन ड्राइव्ह उपटला तर फाइलचे नाव पोहोचते, पण आतला मजकूर अर्धवट राहतो. म्हणून फाइल मॅनेजरच्या डावीकडील पट्टीत पेन ड्राइव्हच्या नावाशेजारी जे बाहेर काढण्याचे लहान बाणाचे चिन्ह असते त्यावर क्लिक करावे आणि आता काढण्यास हरकत नाही असा संदेश येईपर्यंत थांबावे. मोठ्या फाइली असतील तर यास मिनिटभर किंवा अधिकही लागू शकते. विंडोजमध्ये न विचारता उपटण्याची सवय अनेकांना लागलेली आहे आणि तेथे ती बहुधा खपूनही जाते. येथे ती सोडलेली बरी.

फाइल याउपरही उघडत नसेल तर तिचा प्रकार पाहावा. लिबरऑफिस रायटर आपणहून ‘ओडीटी’ प्रकारात साठवते आणि तो प्रकार दुकानातल्या संगणकावर उघडेलच असे नाही. छपाईसाठी नेताना रायटरच्या ‘फाइल’ मेन्यूतून पीडीएफ तयार करून तीच न्यावी. पीडीएफमध्ये फॉण्ट आतच बसतो, त्यामुळे दुकानातल्या संगणकावर मराठी अक्षरे विस्कटत नाहीत आणि मजकूर एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकत नाही.

जागेविषयी : पेन ड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती त्याच पेन ड्राइव्हवरील एका लपवलेल्या फोल्डरात जाते, म्हणून जागा मोकळी होत नाही. पेन ड्राइव्ह जोडलेला असतानाच ट्रॅश रिकामा करावा. लपवलेले फोल्डर पाहायचे असतील तर कंट्रोल आणि एच दाबावे, पुन्हा दाबले की ते दिसेनासे होतात. शिफ्ट धरून डिलीट दाबले तर फाइल ट्रॅशमध्ये न जाता थेट नष्ट होते. पहिल्या दिवसांत ती कळ न शिकलेलीच बरी.

प्रश्न : मराठी टाइप करण्याची सोय कोठे आहे? शिवाय माझे जुने लेख उघडले की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. (पणजी)

उत्तर : सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘कीबोर्ड’ उघडून ‘लेआउट्स’ (कळांच्या मांडण्या) या भागात अधिकच्या चिन्हावर क्लिक करावे आणि यादीतून मराठीचा लेआउट निवडावा. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये ठरवलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीचा पर्याय तेथे असतो आणि उच्चाराप्रमाणे टाइप करण्याचा कागपा हा पर्यायही असतो. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला येतात. इंग्रजी के या कळीवर क, डी वर पाय मोडण्याचे हलन्त चिन्ह, शिफ्ट आणि एन वर ळ, तर शिफ्ट आणि जे वर ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ यांत लागणारा ऱ. शिकायला आठवडा-दोन आठवडे लागतील, पण पुढे कोणत्याही संगणकावर हीच मांडणी मिळते, म्हणून वयाचा विचार न करता इनस्क्रिप्टच शिकावी असे मी सुचवीन.

दोन लेआउट झाले की पॅनेलच्या उजव्या बाजूला भाषेचे लहान चिन्ह दिसू लागते; त्यावर क्लिक करून भाषा बदलते आणि हवी असल्यास त्यासाठी कळांची जोडीही ठरवता येते. संगणकाचा पासवर्ड अचानक चुकीचा ठरू लागला तर आधी या चिन्हाकडे पाहावे. मराठी चालू असताना इंग्रजी पासवर्ड टाइप केल्याचा हा सर्रास होणारा घोटाळा आहे आणि ठिपक्यांमुळे तो दिसत नाही.

जुने लेख श्री-लिपीसारख्या किंवा तत्सम फॉण्टमध्ये केलेले असणार. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत, सर्वत्र रूढ होण्यापूर्वी अशा फॉण्टांत इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांवरच देवनागरीची वळणे बसवलेली असत. तो फॉण्ट संगणकावर नसेल तर खालची इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. मजकूर खराब झालेला नाही. आपल्याकडे त्या फॉण्टची फाइल असेल तर तिच्यावर दोनदा क्लिक करून तो मिंटमध्येही बसवता येतो. कायमचा उपाय मात्र रूपांतरकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये नेणे हाच आहे, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार डोळ्यांखालून घालावेच लागतात.

प्रश्न : अक्षरे फार बारीक दिसतात. (लातूर)

उत्तर : सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘फॉण्ट सिलेक्शन’ उघडावे आणि अक्षरांचे प्रमाण १.० वरून १.२ किंवा १.३ करावे. परिणाम तत्काळ दिसतो. पडद्याचे रिझोल्यूशन कमी करण्याच्या फंदात पडू नये. त्याने अक्षरे मोठी होतात पण धूसरही होतात. केवळ वेबपाने मोठी हवी असतील तर ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि अधिकची कळ पुरेशी आहे.

प्रश्न : नवे काही करून पाहायची इच्छा होते, पण माझ्या हातून यजमानांची कागदपत्रे बिघडतील या भीतीने हात आखडतो. (नागपूर)

उत्तर : मग सरावासाठी वेगळे खातेच करून घ्यावे. सिस्टिम सेटिंग्जमधील ‘युझर्स अँड ग्रुप्स’ येथे नवा वापरकर्ता तयार करताना त्याचा प्रकार ‘स्टँडर्ड’ ठेवावा. अशा खात्याला प्रणालीत बदल करण्याचे अधिकार नसतात आणि दुसऱ्याच्या घरातील फाइलींत ते फेरफार करू शकत नाही. तेथे पॅनेल उलटसुलट करावे, फोल्डर करावेत, पुसावेत, रंग बदलावेत. यजमानांच्या खात्याला त्याचा स्पर्शही होत नाही. घरी आलेल्या नातवंडांसाठी याहून सोपी सोय म्हणजे ‘लॉगिन विंडो’च्या सेटिंगमधील पाहुण्यांचा प्रवेश. तो चालू केला की पाहुणा बाहेर पडताच त्याने केलेले सर्व काही पुसले जाते.

मिंटसोबत ‘टाइमशिफ्ट’ हे साधन येते आणि ते एकदा लावून घ्यावे. ठरावीक वेळाने ते प्रणालीची स्थिती नोंदवून ठेवते, त्यामुळे एखाद्या अद्यतनानंतर बिघाड झाला तर मागे जाता येते. परंतु आपली कागदपत्रे आणि फोटो यांचा त्यात सहसा समावेश नसतो, कारण घरचा फोल्डर ते मुळात वगळते. त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी ठेवावी लागते. टाइमशिफ्ट लावले म्हणजे सर्व सुरक्षित झाले, हा समज मला वारंवार आढळतो आणि तो महागात पडू शकतो.

प्रश्न : खालची संपूर्ण पट्टीच नाहीशी झाली आहे. मेन्यू नाही, घड्याळ नाही. (धुळे)

उत्तर : प्रथम बाण पडद्याच्या अगदी तळाशी नेऊन थांबावे. पट्टी वर आली तर ती फक्त लपण्याच्या पर्यायावर गेलेली आहे. तिच्यावर राइट क्लिक करून ‘पॅनेल सेटिंग्ज’मध्ये तो पर्याय बदलावा. न आल्यास कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप दाबावे. डेस्कटॉप नव्याने सुरू होतो आणि उघडलेल्या खिडक्या बंद होत नाहीत. तरीही पट्टी दिसत नसेल तर ती ‘रिमूव्ह’ झालेली आहे. अशा वेळी डेस्कटॉपवरील रिकाम्या जागी राइट क्लिक करून सिस्टिम सेटिंग्ज मिळतात का ते पाहावे, नाहीतर ऑल्ट आणि एफ२ दाबून येणाऱ्या चौकटीत इंग्रजी लहान अक्षरांत ‘सिनॅमन-सेटिंग्ज’ असे, मधे आडवी रेघ देऊन, लिहावे व एंटर दाबावा. तेथे ‘पॅनेल’ विभागात नवे पॅनेल जोडता येते. जोडलेले पॅनेल रिकामे असेल तर त्यावर राइट क्लिक करून ‘ट्रबलशूट’मधील सर्व सेटिंग मूळ स्थितीत आणण्याचा पर्याय निवडावा. त्याने डेस्कटॉपची आपण केलेली सजावट जाते. फाइलींना धक्का लागत नाही.